मोडायचं की सोडवायचं?

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव पहिल्यांदा एक लाखाच्या वर गेला आणि तेव्हापासून आमच्या नात्यात एक नवीनच खेळ सुरू झाला. लग्न असो, बारसं असो, नाहीतर वर्षश्राद्ध. जेवणं उरकली की बायका एका खोलीत जमतात आणि कपाटातलं काय काय 'मोडायचं' याची चर्चा रंगते. २००५ साली हेच सोनं सात हजारांच्या आसपास होतं. म्हणजे वीस वर्षांत चौदापट! (आपले पगार चौदापट झाले का, हा प्रश्न पुढच्या अप्रेझलला विचारून बघा.) या भावात नवीन दागिना झेपत नाही. मग जुना द्यायचा आणि वर थोडे पैसे घालून नवीन आणायचा. "पाटल्या मोडल्या आणि चेन केली", "आजीची बोरमाळ मोडीत घातली" ही वाक्यं तुमच्याही घरात ऐकू येत असतील.

माझी तक्रार या 'मोड' शब्दाबद्दल आहे. एकाच शब्दात आपण दोन वेगळी कामं कोंबली आहेत. एक म्हणजे दागिना सोडवणं: दोरा कापायचा, मणी सुटे करायचे, पुन्हा ओवायचे. दुसरं म्हणजे आटवणं: मणी, पुतळ्या, जे असेल ते मुशीत टाकायचं आणि वितळवून गोळा करायचा. पहिल्यातून परत येता येतं, दुसऱ्यातून नाही.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो. ओवलेला दागिना खुशाल सोडवा, वाटून घ्या, हवा तसा नव्यानं ओवा. पण मणी आटवू नका. (नाइलाज झाला तर गोष्ट वेगळी. त्यावर खाली लिहिलंय.)

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसानं बायकांच्या दागिन्यांत का नाक खुपसावं? रास्त प्रश्न आहे. माझं गाव इंदापूर तालुक्यात, मोठी खरेदी बारामतीला आणि नोकरी पुण्यात. आमच्याकडे सोन्याची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्याच्या बिलामागून सोनं. बिल जमा झालं की बारामतीच्या सराफाकडे एक फेरी, हा क्रम मी लहानपणापासून बघतोय. जिथं कालवा पोचला नाही तिथं सोनं उलट्या दिशेनं चालायचं. पाऊस गेला की डाग गहाण पडायचे. तेव्हा आमच्याकडच्या घराचा पन्नास-शंभर वर्षांचा हिशोब वहीत सापडला नाही तरी बाईच्या गळ्यात सापडतो. एवढं कारण मला पुरेसं आहे.

तर मूळ मुद्दा. आपले जुने मराठी दागिने बघितलेत तर त्यातले कितीतरी घडवलेले कमी आणि ओवलेले जास्त आहेत. बोरमाळ म्हणजे बोराच्या आकाराचे सोन्याचे मणी दोऱ्यात ओवलेले. मोहनमाळेच्या मण्यांवर खरबुजासारख्या रेघा. ठुशीत मणी इतके दाटीनं बसवलेले की मधे श्वास घ्यायला जागा नाही. पुतळ्यांच्या माळेत नाण्यासारख्या चपट्या चकत्या. मंगळसूत्रात काळी पोत आणि वाट्या. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं 'मॉड्युलर डिझाइन' आहे! मणी हा सुटा, स्वतःपुरता पूर्ण घटक. दोरा त्यांना फक्त एकत्र धरून ठेवतो. दोरा झिजतो, घामानं कुजतो, तुटतो. तो बदलायचा असतो हे गृहीत धरूनच दागिना केलेला असतो.

त्यासाठी एक आख्खी जात, आख्खा व्यवसाय आपल्याकडे आहे: पटवेकरी. सोनार मणी करतो आणि पटवेकरी ते गाठवतो. बारामतीसारख्या गावात सराफांच्या आसपास, पायरीवर किंवा चिंचोळ्या गाळ्यात हा माणूस बसलेला दिसतो. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, मांडीवर कापड, पुढ्यात वाटीत मणी. सांगाल त्या लांबीला माळ गाठवून, मागे गोंडा लावून देतो. मजुरी विचाराल तर आपल्या एका पिझ्झ्याच्या आसपास. मागच्या वर्षी आत्याबरोबर अशाच एका गाळ्यात गेलो होतो. आत्या म्हणाली, "मामा, ह्या तुटक्या माळेचं काही होईल का, का मोडूनच टाकू?" मामांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "आक्का, दोरा गेलाय. मणी कुठं गेल्यात?"

मला हे वाक्य फार आवडलं. आमच्या ऑफिसात सहा जणांची मीटिंग होऊनसुद्धा इतकं नेमकं निदान होत नाही.

ती माळ आजीची बोरमाळ. आजी गेली, तिच्या पितळी डब्यात माळ निघाली, दोरा तुटलेला. वारस चार नाती. दोघी पुण्यात, एक बारामतीत, एक न्यू जर्सीत. एकीनं सुचवलं की माळ मोडून चार सारख्या चेन करू, म्हणजे भांडण नको. सराफानं हिशोब तोंडी सांगितला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तोंडी हिशोब पचत नाही, म्हणून मी वही काढली. (सवय वाईट, पण काय करणार.)

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशात ठोकून, झाळून जोडतात आणि पोटात लाख भरतात. म्हणून मणी दिसायला टपोरा आणि अंगानं हलका. आमच्या माळेत ६१ मणी होते. त्यातला एक चेपून फुटलेलाच होता. तो नमुन्यादाखल आटवून घेतला. मणी अर्ध्या ग्रॅमचा, लाख गेल्यावर सोनं निघालं ०.३ ग्रॅम. म्हणजे उरलेले ६० मणी तराजूवर ३० ग्रॅम भरले तरी त्यात सोनं १८ ग्रॅम. इथंच निम्म्या लोकांचे चेहरे पडले.

पुढचं गणित असं. आटवताना घट २ टक्के धरली, म्हणजे १७.६ ग्रॅम. कस २२ कॅरेटच निघेल असं धरलं. कमी निघाला तर आणखी कापणार. नवीन चेनची मजुरी सांगितली १२ टक्के आणि सगळ्या बिलावर ३ टक्के जीएसटी. वरून पैसे न घालता एवढ्या सोन्यात नवीन माल किती येईल? पंधरा ग्रॅमच्या थोडा वर. चौघींत वाटले तर प्रत्येकीला ३.८ ग्रॅमची चेन. ही चेन गळ्यात घातली की नाही हे आरशात बघून ठरवावं लागतं.

आता दुसरा रस्ता. ६० मणी, चौघी, प्रत्येकी १५. पंधरा मण्यांत सोनं साडेचार ग्रॅम. आटणी नाही, घट नाही, सोन्यावर मजुरी नाही, नवीन सोनं घेतलंच नाही म्हणून त्यावर जीएसटी नाही. खर्च काय तो पटवेकऱ्याची मजुरी आणि मधे ओवायची पोत. चौघींचं मिळून पावणेतीन ग्रॅम सोनं वाचतं. लाखाचा भाव धरला तर पंचवीस हजारांच्या आसपास. भाव त्याहून वर गेला की बचतही वाढणार.

पंधरा मण्यांची बोरमाळ होत नाही हे मान्य. पण काळ्या पोतीत दर दोन बोटांवर एक मणी घातला तर छान माळ होते. एकीनं मधे बारीक मोती घातले. न्यू जर्सीवालीनं मनगटात घालायला केलं, कारण तिकडं गळ्यात काही दिसत नाही म्हणे, वर्षातले सहा महिने स्वेटरच. धाकटीला मात्र मणी नकोत, पैसे हवे होते. फ्लॅटचं डाउन पेमेंट डोक्यावर होतं. तिचे १५ मणी त्या दिवसाच्या भावानं आत्यानंच घेतले. तिचा हिस्सा तिला मिळाला आणि मणीही घरात राहिले. यात कुणी कुणाला 'भावनाशून्य' वगैरे म्हणायची गरज पडली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण समजा गणित उलटं आलं असतं तर? समजा आटवण्यातच फायदा होता? तरीही मी सोडवण्याच्याच बाजूनं बोललो असतो. पैशाचा मुद्दा मी आधी मांडला, कारण पुण्यातल्या माणसाशी बोलताना तिथूनच सुरुवात करावी लागते.

पुतळ्यांच्या माळेचं उदाहरण घ्या. 'पुतळी' हे मुळात एका नाण्याचं नाव. व्हेनिसचं सोन्याचं ड्युकाट इकडं व्यापारातून यायचं आणि त्यावर माणसांच्या आकृती असायच्या म्हणून आपण त्याला पुतळी म्हणू लागलो. हे नाणं व्हेनिसनं १२८४ साली पाडायला सुरुवात केली आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळजवळ त्याच छापाचं पाडलं. पाचशे वर्षं तोच छाप! (आपल्या प्रोजेक्टचा एपीआय पाच महिने तसाच राहत नाही.) पुढं आपल्या सोनारांनी तशाच चकत्या स्वतः पाडल्या, त्यावर आपले देव आणले आणि माळेत ओवल्या. म्हणजे तुमच्या पणजीच्या माळेतली एकेक पुतळी ही परदेशी नाणं, मराठी सोनार आणि एखाद्या उसाच्या बिलाची मिळून झालेली वस्तू आहे. ती आटवली की उरतं ते सोनं. सोनं जगात कुठंही मिळतं आणि सगळीकडं एकसारखंच असतं.

शिवाय ते मणी करणारे हात कमी होत चाललेत. हातानं ठशात ठोकून एकेक मणी करण्यापेक्षा यंत्रावर चेन काढणं स्वस्त पडतं. गिऱ्हाईकालाही आता लाखेचा मणी नको असतो, कारण त्याला सगळं वजन सोन्याचंच हवं. यात गिऱ्हाईकाची काही चूक नाही. पण जे करणं थांबत चाललंय ते निदान आहे तेवढं तरी आटवू नये, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या धंद्यात यावर एक जुना आणि गाजलेला लेख आहे. जोएल स्पोल्स्की नावाच्या गृहस्थांनी एप्रिल २००० मध्ये नेटस्केपबद्दल लिहिला होता. नेटस्केपनं आपला जुना कोड फेकून सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, सहावी येईपर्यंत तीन वर्षं गेली आणि तोवर बाजार हातचा गेला. स्पोल्स्कींचा मुद्दा असा की जुना कोड गचाळ दिसतो, पण त्यातल्या प्रत्येक विचित्र ओळीमागं कुणीतरी कधीतरी सोडवलेली अडचण असते. पुसून टाकलंत तर ते सगळं शहाणपण जातं. उपमा फार ताणू नये, दागिन्यात काही बग नसतात. पण 'जुनं आहे, विस्कटलंय, चला नव्यानं करू' ही खाज दोन्हीकडं सारखीच, आणि दोन्हीकडं आपण नक्की काय फेकतोय ते न बघताच फेकतो.

हे शहाणपण आमच्याकडच्या माणसांना नवीन नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तुम्ही फोटो बघितला असेल. आत्याच्या सासरचं घरही त्या पाण्यात गेलं. घर सोडताना तिच्या सासऱ्यांनी दारं, चौकटी, तुळया, वासे सगळं उतरवलं आणि बैलगाडीतून नव्या जागेवर आणलं. नवं घर लहान होतं, म्हणून तुळया कापाव्या लागल्या आणि एक चौकट उंचीत बसेना. पण आत्या लग्न होऊन गेली तेव्हा जुन्या घराचंच दार नव्या घराला होतं. त्या लाकडाचं सरपण करता आलं असतं. कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जागा गेली, मांडणी बदलली, आकार लहान झाला, पण दार दारच राहिलं. माळ सोडवून मणी वाटून घेणं मला याच जातीचं वाटतं.

आता विरोधी पक्षाकडं वळू. माझ्या म्हणण्यावर दोन्ही बाजूंनी दगड येतात.

पहिली बाजू जपणूकवाल्यांची. त्यांचं म्हणणं, जुन्या दागिन्याला हातच लावू नये, आहे तसा ठेवावा, सोडवणं म्हणजेही एक प्रकारचा नाशच. यात तथ्य आहे. काही दागिन्यांत मण्यांइतकाच अर्थ त्यांच्या क्रमात असतो. कोल्हापुरी साज घ्या. त्यात साधारणपणे २१ पानं, पैकी दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, मधे जाव मणी. हा साज सोडवून पानं चार बहिणींत वाटलीत तर एकीकडे मत्स्य-कूर्म आणि दुसरीकडे बुद्ध-कल्की, असा दशावताराचा खेळच मोडतो. तिथं तुकडे करू नयेत. एकीनं साज घ्यावा आणि बाकीच्यांना दुसरं काही द्यावं. तसंच ज्या माळेची सगळी घडण, जुना दोरा, जुना गोंडा शाबूत आहे ती सोडवायची घाई करू नये.

पण सगळ्याच माळांना हा नियम लावला तर त्या लॉकरमध्ये जातात. लॉकरात दोरा कुजायचा थांबत नाही. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर काढताना तुटतो आणि चार मणी सोफ्याखाली जातात. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. वस्ती इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराची. तिथं मातीचे आणि रंगीत दगडांचे मणी सापडले. दोरे अर्थातच नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईनं ते मणी कुठल्या क्रमानं ओवले होते, मधे एकदा तुटल्यावर तिनं ते बदलले का, काही कळायला मार्ग नाही. तरी मणी हातात घेतला की ती बाई होती हे कळतं. क्रम गेला तरी मणी बरंच काही सांगतो.

दुसरी बाजू गरजवाल्यांची आणि ती जास्त वजनदार आहे. सोनं बाईच्या अंगावर घालायची मूळ कारणंच दोन: मिरवणं आणि अडीनडीला उपयोग. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात किती माळा गहाण पडल्या आणि किती सुटल्या नाहीत, हे जुन्या बायकांना विचारा. दवाखान्याचं बिल भरायचंय, मुलीची फी भरायचीय आणि हातात फक्त बोरमाळ आहे, अशा बाईला "वारसा जपा हो" म्हणणारा माणूस मला सहन होत नाही. ते स्त्रीधन आहे. ते तिचं आहे आणि आटवायचं की नाही हेही तीच ठरवणार. अशा वेळी माळ मुशीत गेली तर ती ज्या कामासाठी होती त्याच कामाला आली. माझं भांडण त्या आटवण्याशी नाही. माझं भांडण आहे 'डिझाइन जुनं झालं' म्हणून आटवण्याशी, आणि ते करणारे आपण आहोत. पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो आणि तरी पणजीचे मणी देऊन यंत्रावरची चेन आणतो, ते आपण.

आणखी एक बाब, जी आपल्या वर्तुळात हल्ली जास्त दिसते. शहरातल्या प्रदर्शनांत जुन्या लमाणी दागिन्यांतले, कशिद्यातले मणी, कवड्या, नाणी, काचा काढून केलेले 'बोहो' नेकलेस मिळतात. घालायला छान असतात. पण ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आमच्याकडच्या कारखान्यांवर ज्या टोळ्या येतात त्यात लमाण समाजाच्या बायकाही असतात. मिळालेल्या मजुरीत आधीच घेतलेली उचल फेडायची असते. अशा घरातली आजीची वस्तू बाहेर पडते ती हौसेनं पडत नाही. स्वतःच्या घरातली माळ सोडवणं आणि दुसऱ्याच्या अडचणीतून आलेली माळ सोडवून तिचे तुकडे विकणं, या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत. पहिल्यात मणी कुणाचा हे माहीत असतं. दुसऱ्यात तेच आधी पुसलं जातं. आवड असेल तर त्या बायकांनी आज केलेलं नवीन काम घ्या, योग्य दाम मोजून. जुनं अख्खं मिळालं तर अख्खंच ठेवा.

असो. उपदेश पुरे, आता कामाचं. सोडवायचं ठरवलंत तर काय करायचं हे पटवेकरी मामांकडून आणि घरातल्या बायकांकडून ऐकलेलं इथं एका जागी लिहून ठेवतो.

१. दोरा कापायच्या आधी माळ सपाट पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, एक जवळून. हा तुमचा बॅकअप. मूळ क्रम त्यात राहतो, म्हणजे उद्या कुणाला पुन्हा तशीच माळ करायची झाली तर करता येईल.

२. मणी मोजा आणि एकूण वजन करून लिहून ठेवा. गाठवायला देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या. चांगला पटवेकरी रागावत नाही, उलट तोच आधी मोजायला लावतो.

३. लाखेचे मणी गरम पाण्यात, साबणात टाकू नका. उष्णतेनं लाख मऊ होते आणि मणी पोकळ पडला की बोटानं चेपतो. कोरड्या मऊ कापडानं पुसलं तरी भागतं.

४. चेपलेला मणी फेकू नका. माळेच्या मागच्या बाजूला, मानेपाशी ओवा. तिथं कुणी बघत नाही.

५. नथ किंवा तन्मणी असेल तर जास्त सावध. जुन्या नथीत बसरा मोती असू शकतात, म्हणजे आखाती समुद्रातले नैसर्गिक मोती. जपानी कल्चर मोती आल्यावर १९३० च्या दशकात तो धंदाच बसला. नैसर्गिक की कल्चर हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. प्रयोगशाळेत एक्स-रे काढून कळतं. तेव्हा आधी तपासून घ्या, मग तार सोडवा आणि शक्यतो समोर बसून.

६. 'जुनं बिनहॉलमार्कचं सोनं आता चालणार नाही' ही अफवा ऐकून घाईनं आटवायला धावू नका. १ एप्रिल २०२३ पासून सराफांना सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. पण हा नियम विकणाऱ्या सराफांसाठी आहे. तुमच्या घरातलं जुनं सोनं ठेवायला, घालायला किंवा विकायला त्यानं बंदी येत नाही.

७. आणि शेवटचं. वाटणी झाली की एका कागदावर लिहा: माळ कुणाची, कधीची, किती मणी, कुणाकडे किती गेले. प्रत्येक डबीत त्याची एक प्रत ठेवा. आम्ही कोडमध्ये कमेंट लिहीत नाही आणि दोन वर्षांनी डोकं आपटतो. इथं तर मामला पन्नास वर्षांचा आहे, आणि सांगणारी बाई तेव्हा नसेल.

सातवा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आटवण्याच्या बाजूनं जे लोक बोलतात ते वाईट नसतात. त्यांना बहुतेक वेळा तो मणी कुठून आला हे कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या माळेतले काही मणी रंगानं थोडे लालसर होते. आत्याला विचारल्यावर कळलं की ते मागाहून घातलेत. आजीनं आधी निम्मीच माळ केली होती आणि उरलेले मणी पुढच्या दोन हंगामांच्या उसाच्या बिलांतून, पाच-पाच, सात-सात करून वाढवले. सराफाच्या तराजूवर ते सगळे सारखेच. आम्ही वाटणी करताना मुद्दाम प्रत्येकीच्या पंधरात थोडे लालसर मणी येतील असं बघितलं. हे आत्याला ठाऊक होतं म्हणून जमलं. तिला कुणी विचारलंच नसतं तर?

तर मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा लॅपटॉप जरा बाजूला ठेवा. आईला, आत्याला, आजीला तो डबा उघडायला सांगा. दोरा तुटलेली एखादी माळ असेलच. मोडायची की सोडवायची हे नंतर ठरवा, पण आधी विचारून घ्या कुठला मणी कधीचा. आणि पटवेकऱ्याचा गाळा कुठं आहे तेही विचारून ठेवा. बारामतीत तरी अजून सापडतो.